सरकी जायच्या आदल्या रात्री

१३ डिसेंबर, शनिवार. रात्रीचे साडेदहा.

उद्या सकाळी सहाला आमच्या कुत्रीला, सरकीला, न्यायला गाडी येणार. लसीचं कार्ड, निवारीचा पट्टा, तिचं पोतं आणि एक काठी, एवढं सामान दाराशी ठेवलंय. झोप येईना म्हणून वही काढली. २ ऑक्टोबरच्या पानावर फक्त इतकं लिहिलेलं आहे: "हात सुजला. कुत्री कोठ्यात. सोयाबीन भिजलं."

गावचं पोस्ट मी सांभाळते. त्या दिवशी गांधी जयंतीची सुट्टी, पोस्ट बंद, म्हणून मी वावरात गेले होते. धुऱ्यावर तुरीच्या ओळीत कण्हल्यासारखा आवाज येत होता. रानडुकरांसाठी कुणीतरी मोटारसायकलच्या क्लच वायरचा फास लावला होता आणि त्यात ही कुत्री गळ्यानं अडकलेली. ओढून ओढून तार पार मांसात रुतलेली. मी वरून पोतं टाकून धरलं, दिरानं पकडीनं तार तोडली, आणि तिनं पोत्यातूनच माझा अंगठा फोडला.

फास कुणाचा ते गावात सगळ्यांना माहीत आहे, विचारत कुणी नाही. मीही विचारलं नाही. डुकरांनी एका रात्रीत लोळवलेलं वावर पाहून आलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसून रडलेली आहेत. पण इथून जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या वाघांच्या गळ्यातही असेच फास निघालेत. तारेला काय कळतं कोण आलं ते.

जखम साबण लावून पंधरा मिनिटं नळाखाली धरली आणि दवाखाना गाठला. सुया त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. शिवाय अंगठ्यात जखमेभोवती एक वेगळी सुई टोचली, ती मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, कुत्री दहा दिवस नजरेखाली ठेवा. हेच दहा दिवस मला कामी आले. सासूबाईंनी लगेच बजावलं, "दहा म्हन्जे दहाच, पाय बरं." मी मान हलवली.

पहिले चार दिवस ती ढेपेच्या पोत्यांमागे होती. मळकट पांढरी, अंगावर करडे ठिपके, म्हणून पोट्ट्यांनी नाव ठेवलं सरकी. आम्ही निजलो की भाकर संपायची, त्याआधी शिवत नव्हती. मी जाऊन उकिडवी बसायचे, हात पुढे करून "ये गं बाई, ये" म्हणायचे. ती जीभ ओठांवर फिरवायची, जांभई द्यायची. मला वाटलं भूक लागली असेल, झोप आली असेल. ढोरांचे डॉक्टर जखम पाहायला आले तेव्हा हसले. म्हणाले, ती जांभई नव्हे, ती घाबरली आहे. डोळ्याचा पांढरा कोपरा दिसतो ना, तोही त्यातलाच. तुम्ही तिच्याकडे पाठ करून बसा, आणि हात तर पुढे करूच नका.

मग मी पाठ करून बसायला लागले. हातात काहीतरी हवं म्हणून पोस्टाची जुनी परिपत्रकं घेतली आणि ती हळू आवाजात वाचायचे. आवर्ती ठेवीचे नियम त्या कुत्रीला आता माझ्याइतके येत असतील. सासूबाई ओसरीतून ओरडायच्या, "अवं, कुत्र्याकडं पाठ करून पुटपुटत बसते, लोकं काय म्हन्तीन?" लोकं म्हणतच होते. आमच्याकडे बाईमाणूस अर्धा तास काही न करता बसलेलं दिसलं की घरात कुणी आजारी आहे का विचारतात. आणि मला तर तेवढंच काम होतं, काही न करण्याचं. अकराव्या दिवशी मागून पाठीला ओलं नाक लागलं. मी वळले नाही. वाक्य अर्धवट सोडलं नाही. घशाला मात्र कोरड पडली होती.

दहा दिवस उलटून गेलेत, ही गोष्ट सासूबाईंनी काढली नाही.

ठप्प्याचं लिहायचं राहिलं. आमचं शाखा डाकघर म्हणजे घराचीच सपरी. मधे बांबूचा टट्टा, पलीकडे ढोरांचा कोठा. आता सगळं मोबाईलवर झालं तरी तारखेचा ठप्पा मारावाच लागतो, आणि तो हळू मारला तर उमटत नाही. प्रत्येक ठप्प्याला सरकी पलीकडे भिंतीवर आदळायची. महिन्याच्या सुरुवातीला निराधारचे पैसे न्यायला म्हाताऱ्या येतात, तेव्हा तर दिवसभर ठप ठप.

मी उकडलेल्या कलेजीचे बोराएवढे तुकडे केले. तुकडा टाकायचा आणि ठप्पा मारायचा. दोन दिवसांत ती कलेजी पाहूनच पळायला लागली! चूक माझी होती. खाणं आधी आणि आवाज मागून, म्हणजे कलेजी दिसली की आता वाईट होणार, असं मीच तिला शिकवलं होतं. उलटं केलं. ठप्पा आधी, तोही पोतं टाकलेल्या टेबलावर, दबका. मग लगेच तुकडा. आवाज नाही तर तुकडाही नाही. नऊ दिवसांनी पोतं काढलं. एका दुपारी पाकिटावर ठप्पा मारला तर टट्ट्याच्या फटीतून नाक आत. समोर बसलेला म्हातारा म्हणाला, "बाप्पा, इले बी पगार चालू झाला का?"

मग लक्ष्मीपूजनाची रात्र आली. कोठ्याचं दार बंद केलं, फटीत चिंध्या कोंबल्या, रेडिओ मोठा लावला. तरी ती गव्हाणीखाली शिरून थरथरत राहिली, दोन दिवस पाण्यालाही शिवली नाही. कुणी म्हणालं, घाबरलेल्याला कुरवाळू नये, भीती वाढते. मला ते पटलं नाही आणि डॉक्टरांनाही नाही. ठप्प्यानंतर तुकडा दिला म्हणून ठप्प्याची भीती वाढली का? कमीच झाली. मी गव्हाणीशी गोधडी टाकून झोपले. त्या आठ दिवसांत आम्ही पुन्हा ढेपेच्या पोत्यांशी आलो होतो. त्या आठवड्यात वहीत एक ओळ नाही.

गोचीड ताप, २८ दिवसांच्या गोळ्या, यवतमाळला नेऊन केलेलं नसबंदीचं ऑपरेशन, रेबीजची लस, हे सगळं कार्डावर आहे, इथे परत लिहीत नाही.

पट्ट्याचं मात्र लिहिते. गळ्याला काही लागलं की ती अंग टाकून द्यायची, मुतायची. बाजारात मिळाला तो छातीचा पट्टाही डोक्यातून घालायचा, म्हणजे पुन्हा फासच. शेवटी जुन्या बाजेची निवार कापली, पोराच्या दप्तराची बक्कलं लावली आणि असा पट्टा शिवला की तो जमिनीवर पसरायचा, तिनं पुढचे दोन पाय आपणहून आत ठेवायचे आणि बक्कल पाठीवर लागते. डोक्यावरून काही जात नाही. पाय आत ठेवायला सहा दिवस, बक्कलाच्या 'कट्' आवाजाला आणखी चार.

तिला न्यायला पहिला आला तो पलीकडच्या गावचा, नात्यातलाच. त्याला जागलीसाठी कुत्री हवी होती, रात्री साखळीला, रोही-डुक्कर आलं की भुंकणारी. मी नाही म्हणाले. "कुत्र्याले सोयरीक पायते का वं?" म्हणून तो चहा न घेता गेला. तेव्हापासून त्यांच्याकडून आमच्याकडे निरोप येत नाही. येऊ दे.

नागपूरचे निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको नोव्हेंबरात आले, दीडशे किलोमीटरवरून. घरात एक म्हातारं, शांत कुत्रं आहे, ही मोठी जमेची बाजू. भित्रं जनावर माणसापेक्षा कुत्र्याकडे पाहून लवकर शिकतं. पण सरांच्या हातात काठी. गुडघे गेलेत, काठीशिवाय चालता येत नाही. काठी फरशीवर टेकली आणि सरकी गव्हाणीखाली. मला वाटलं, संपलं. सर गाडीपर्यंत गेले, परत आले ते बायकोच्या खांद्याला धरून, आणि काठी माझ्या हातात दिली. म्हणाले, "ही ठेवा. मी दुसरी घेतो. सवय झाली की कळवा."

मग ती काठी तीन आठवडे आमच्याकडे. आधी कोठ्याच्या दारात आडवी. मग रोज वीतभर ताटलीजवळ. मग ताटलीला टेकून. मग भिंतीला उभी, मग माझ्या हातात, शेवटी फरशीवर टक् आणि कलेजी, टक् आणि कलेजी. पोस्टाचाच धडा, फक्त आवाज वेगळा. एकदा सासूबाई ती टेकत कोठ्यात जाताना मी पाहिल्या. त्यांच्या कमरेला काठीची गरज नाही अजून. पदराखाली वाटी होती.

गेल्या रविवारी सर पुन्हा आले. काही न सांगता बाजेच्या कडेला पाठ करून बसले आणि पेपर उघडला. वीस मिनिटांनी सरकीनं त्यांचा जोडा हुंगला.

त्यांना मी स्पष्ट सांगितलंय. पिल्लू तीन ते चौदा आठवड्यांचं असताना माणसांची ओळख व्हायला हवी, हिची झाली नाही. दातांवरून ती दीड वर्षाची. पाहुण्यांच्या मांडीवर चढणारं कुत्रं ती होणार नाही. पहिले काही आठवडे दोन दारं बंद असल्याशिवाय पट्टा काढायचा नाही. नव्या जागेत घाबरलेलं कुत्रं फटीतून सुटलं तर हाक मारून येत नाही. त्यांच्या इमारतीतल्या लिफ्टचं मात्र मला काही करता आलं नाही. पांढरकवड्यात शोधली, मिळाली नाही.

सासूबाई आत्ता उठून कोठ्यात डोकावून आल्या. "निजली," म्हणाल्या, आणि मग, "नागपुरात ज्वारीची भाकर देतीन का तिले?"

रात्री खायला दिलं नाही, गाडीत ओकते. सकाळी नुसतं दोन घोट पाणी. काठी मागच्या सीटवर, तिच्या बाजूला ठेवायची, डिक्कीत नाही.