आमची वाटचाल : एक फॉर्मा अजून कमी आहे

आमचं दुकान कोल्हापूरच्या शाहूपुरीत, पहिल्या मजल्यावर. मूळ धंदा वडिलांचा, बाइंडिंगचा, मग मी त्यात कॉम्प्युटर आणून ठेवला तेव्हापासून डीटीपी पण. लग्नपत्रिका, बिलबुकं, रबरी शिक्के, आणि ऑगस्ट-सप्टेंबर आला की दूध संस्था आणि सोसायट्यांचे वार्षिक अहवाल. घर ह्या अहवालांवर चालतं हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून बऱ्याच जणांना वाटतं की ह्याला कुठनं तरी बाहेरचा फंड येत असणार. नाही येत बाबांनो.

तर आमच्याकडं जुन्या ख्रिस्ती पुस्तकांची डिजिटल लायब्ररी आहे, मराठी आणि इंग्लिश, बायबल स्टडी करणाऱ्यांसाठी. आम्ही स्वतः ख्रिश्चन नाही, आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे आणि ती ज्ञानेश्वरीचं पारायण करते. मग तुम्ही ह्यात कसे, हे सगळेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं, व्हीनस कॉर्नरला होड्या चालल्या. आमचा पहिला मजला म्हणून वाचलो. पाणी उतरल्यावर दहाबारा दिवसांनी एक मामा जिना चढून आले, खांद्यावर तांदळाचं पोतं. पोत्यात पुस्तकं. त्यांचे आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते, त्यांची ही पुस्तकं, तळमजल्यावरच्या ट्रंकेत होती. मामांनी ती गच्चीवर कडक उन्हात वाळवलेली, त्यामुळं पानं पापडासारखी वाकडी झालेली आणि पुठ्ठे सुटलेले. (ओलं पुस्तक उन्हात कधी ठेवू नका, सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये कोरा कागद घालून आणि तो कागद बदलत बदलत वाळवायचं, आता पुढच्या पुरासाठी लक्षात ठेवा.)

मी एक उघडलं. छापलेलं सगळं जसंच्या तसं, कारण छापखान्याची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. पण आजोबांनी पानापानावर समासात शाईच्या पेनानं टिपणं लिहिलेली होती आणि ती सगळी धुऊन निघालेली, नुसता निळा ढग उरलेला. एका ठिकाणी "हे" एवढं एकच अक्षर वाचता येत होतं. मामा म्हणाले, छापलेलं कुठंही मिळंल हो साहेब, हे कुठनं आणू. माझ्याकडं काय उत्तर असणार. बाइंडिंग करून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण डोक्यात ते बसलं की ह्या गावात अशा ट्रंका अजून किती असतील.

आणि आहेतच. कोल्हापुरात रेव्हरंड रॉयल वायल्डर १८५२ ला आले, वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ ला इथंच कोल्हापुरात जन्मला आणि पुढं अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांची मोठी मिशनरी चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता, हे मला स्वतःला पन्नाशीत कळलं, आयुष्य त्या चर्चवरनं जाण्यात गेलं. तर मिशन आलं म्हणजे शाळा आल्या, मास्तर आले, पाळक (म्हणजे चर्चचे धर्मगुरू) आले आणि त्यांच्याबरोबर पुस्तकं आली. इथं, मिरजेत, कोडोलीत. आता नातवंडं पुण्या-मुंबईला, आणि ट्रंक माळ्यावर.

सुरुवात आम्ही एकदम चुकीची केली. साधा फ्लॅटबेड स्कॅनर होता, तोच वापरला. फ्लॅटबेडवर पुस्तक पालथं घालून दाबावं लागतं, आणि शंभर वर्षांचं पुस्तक दाबलं की काय होतं हे बाइंडरच्या पोराला कळायला पाहिजे होतं. तिसऱ्याच पुस्तकाचा कणा मोडला, कडकन आवाज आला. ते एका रिटायर पाळकसाहेबांचं होतं. ते काही बोलले नाहीत, नुसती पानं गोळा करून नीट लावत बसले, ते जास्त लागलं मला.

मग शिवाजी उद्यमनगरात गेलो. पुस्तक पूर्ण न उघडता व्ही आकारात ठेवायचं, वरनं काच टेकवायची आणि दोन बाजूंनी दोन कॅमेरे, असा स्टँड असतो. विकत घ्यायचा तर आपल्या आवाक्यातला नाही, म्हणून कागदावर काढून फॅब्रिकेशनवाल्याला दाखवलं. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "गव्हाण हाय व्हय ही? जनावरं किती हाईत तुमची?" आमच्याकडं टायपिंगला जी ताई आहे ती संडे स्कूल घेते, तिला हे सांगितलं तर ती हसून हसून बेजार, कारण त्यांचा प्रभू जन्मला तो गव्हाणीतच ठेवला होता. तेव्हापासून दुकानात त्या मशीनचं नाव गव्हाण. "हे पुस्तक गव्हाणीत घाल" असं आम्ही गिऱ्हाइकासमोर पण बोलतो.

पहिली चाळीसेक पुस्तकं आम्ही नुसती स्कॅन करून पीडीएफ ठेवली आणि छाती फुगवून सगळ्या पाळकांना मेसेज केले. आठ दिवस कौतुक, मग शांतता. कोणी वापरेचना. गडहिंग्लजकडच्या एका पाळकांना फोन केला तर ते म्हणाले, दादा, तुमचं एक पुस्तक तीनशे एमबी, ते उतरवून घेण्यात माझा दिवसाचा नेट संपला, आणि उतरवलं तर मला रविवारच्या उपदेशासाठी जे पाहिजे ते कुठल्या पानावर आहे हे कसं शोधू, त्यापेक्षा कपाटातलं पुस्तक बरं, निदान त्यात खूण घातलेली असती. खरं होतं त्यांचं. आम्ही पुस्तकांचे फोटो काढून ठेवले होते, लायब्ररी केलीच नव्हती.

मग ओसीआर, म्हणजे फोटोवरनं अक्षरं ओळखून टाइप करणारं सॉफ्टवेअर. इंग्लिशला बरं चालतं. जुन्या मराठी छापाला त्यानं जे काय केलं ते ऐका. ख हे अक्षर जुन्या खिळ्यांत (म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांत) र आणि व शेजारी शेजारी ठेवल्यासारखं दिसतं, त्यामुळं ख्रिस्त ह्या शब्दाचं प्रत्येक पानावर काहीतरी वेगळंच व्हायचं, आणि ख्रिस्ती पुस्तकात तोच शब्द सगळ्यात जास्त! बरं, अक्षर बरोबर ओळखलं तरी पुढचा घोळ अनुस्वारांचा. जुन्या पुस्तकात "देवानें", "तें", "नाहीं", "कांहीं". आजचा माणूस मोबाईलवर "नाही" टाइप करतो आणि मशीन सांगतं की ह्या पुस्तकात नाही हा शब्दच नाही. ह्या एका गोष्टीत आमचे सहा महिने गेले. शेवटी उपाय साधा निघाला. वाचणाऱ्याला दिसतो तो मजकूर पुस्तकात आहे तसाच, अनुस्वारासकट, आणि त्याच्यामागं न दिसणारी दुसरी प्रत आजच्या शुद्धलेखनात, शोध त्या मागच्या प्रतीत चालतो. काही जण म्हणाले वरचं पण आजच्यासारखं करून टाका, वाचायला सोपं जाईल. मी नाही म्हटलं. बाबा पदमनजींसारख्या जुन्या मराठी ख्रिस्ती लेखकानं लिहिलेलं आम्ही कोण सुधारणार.

वचनांचे संदर्भ जोडणं हे मात्र मला स्वतःला सगळ्यात आवडतं काम. भाष्यात कुठं वचनाचा नंबर आला की त्यावर बोट ठेवलं की वचन समोर यायला पाहिजे. इंग्लिश जुन्या पुस्तकात अध्यायाचा आकडा रोमन, तीन म्हणजे तीन आय, ते मशीन "इल" वाचतं, म्हणजे आजारी. मराठीत वेगळीच गंमत. बायबलमध्ये योहान हे शुभवर्तमान आहे आणि १ योहान हे वेगळं पत्र आहे, हे मला कुठं माहीत! मी आपलं पुढचा आकडा सोडून दिला आणि सगळं योहानाला जोडून टाकलं. एका मावशींचा फोन आला, महिला मंडळात शास्त्रपाठ घेत होत्या, विषय देवाची प्रीती, "देव प्रीती आहे" हे वचन १ योहान ४:८ चं. त्यांनी बोट ठेवलं आणि समोर आलं योहान ४:८, शिष्य जेवण विकत घ्यायला गावात गेले होते. सगळ्या बायकांसमोर. मावशी फोनवर हसत होत्या म्हणून ठीक. त्या रात्री मी, टायपिंगची ताई आणि आमची मंडळी (म्हणजे बायको, चर्चवाले त्यांच्या सगळ्या समुदायाला मंडळी म्हणतात ती वेगळी, ह्या शब्दावरनं पण दुकानात बरेच घोटाळे झालेत) अशा तिघांनी बसून सगळे योहान तपासले.

ते वचन समोर येतं ते पंडिता रमाबाईंच्या भाषांतरातलं. आज चर्चमध्ये जे बायबल वाचतात त्याचे हक्क ज्यांचे त्यांच्याकडं आहेत, ते आम्हाला परवानगीशिवाय घालता येत नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरनं साध्या मराठीत केलेलं भाषांतर त्या १९२२ ला गेल्यावर १९२४ ला केडगावच्या मुक्ती मिशनमधनं पूर्ण बाहेर आलं, त्याची मुदत केव्हाच संपलेली. काहींना ते वाचताना अडखळायला होतं, रोजच्या पाठातलं नाही म्हणून. पण दोन भाषांतरं शेजारी ठेवली की अर्थ जास्त उघडतो असं पाळकसाहेबच म्हणतात.

हक्कांचा विषय निघालाच आहे तर आमची फजिती सांगतो. आपल्याकडं कायदा असा की लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, मग पुस्तक सगळ्यांचं. बाबा पदमनजी १९०६ ला गेले, ना. वा. टिळक १९१९, लक्ष्मीबाई टिळक १९३६, इंग्लिशमध्ये स्पर्जन १८९२, अँड्र्यू मरे १९१७. इथपर्यंत मला पाठ. पण भाषांतर करणाऱ्याचा हक्क वेगळा असतो हे मी विसरलो. एका तीनशे वर्षांपूर्वीच्या इंग्रज लेखकाचं पुस्तक मराठीत कोणीतरी दिलं, मी म्हटलं लेखक कधीचा गेला, टाकून दिलं. चार महिन्यांनी एका बाईंचा फोन. "ते भाषांतर माझ्या वडिलांनी केलंय, रात्री कंदिलाजवळ बसून, मी लहान होते, मला आठवतंय. तुम्ही त्यांचं नाव पण घातलं नाही." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुस्तकाचं पहिलं पान फाटलेलं होतं म्हणून नाव नव्हतं, पण मी शोधलं तरी कुठं होतं. त्याच दिवशी काढलं. नंतर दोन वर्षांनी त्यांनीच लेखी परवानगी पाठवली, वडिलांच्या फोटोसकट, आता ते पुस्तक पहिल्या पानावर त्यांच्या नावानं आहे. आता प्रत्येक पुस्तकाला आम्ही एक कार्ड करतो, लेखक कोण, भाषांतर कोणाचं, कधी गेले, कशावरनं कळलं. कार्ड पूर्ण नसेल तर पुस्तक कितीही चांगलं असू दे, थांबतं.

ह्या कार्डांमुळं बऱ्याच गोष्टी कळल्या. मॅथ्यू हेन्रींचं भाष्य घ्या, सगळे म्हणतात मॅथ्यू हेन्रीनं पूर्ण बायबलवर लिहिलं. ते १७१४ ला गेले तेव्हा प्रेषितांची कृत्येपर्यंतच झालं होतं, रोमकरांस पत्रापासून पुढचं दुसऱ्या पाळकांनी मिळून पुरं केलं. आम्ही तिथं तशी ओळ घातली. एका कॉलेजच्या पोरानं लिहिलं, तरीच मला रोमकरांपासून भाषा वेगळी वाटत होती. असा वाचणारा एक जरी भेटला तरी अहवालांचा सीझन सोसता येतो.

आईचा पण ह्यात हात आहे. ना. वा. टिळकांच्या अभंगांचं प्रूफ होतं, दुकानात कोणाला वेळ नव्हता, मी तिच्यासमोर ठेवलं. चष्मा लावून मोठ्यानं म्हणतच बसली, चालीवर. दोन ठिकाणी थांबून म्हणाली इथं अक्षर खाल्लंय, चाल बसत नाही. मूळ पान काढून बघितलं तर खरंच टाइप करताना एकेक अक्षर गेलेलं. तेव्हापासून पद्याचं प्रूफ तिच्याकडं. फादर स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणाचं तिला सांगितलं, १६१६ चं, दहा हजारांवर ओव्या, साहेबानं मराठीत लिहिलेल्या, तर तिचा पहिला प्रश्न, "पारायणाला किती दिवस लागतात?" मूळ छपाई रोमन लिपीत होती, देवनागरीत नीट आणायचं काम मोठं आहे, अजून हात घातला नाही. पण तिनं विचारलंय म्हणजे घालावा लागणार.

पैशाचं थोडक्यात. वाचणं फुकट आहे आणि फुकटच राहील. पैसे येतात ते चर्चची जुनी रजिस्टरं स्कॅन करून देण्यातनं, बाप्तिस्मा, लग्न, दफन, ती फक्त त्यांनाच देतो, लायब्ररीत घालत नाही. बाकी अहवाल जिंदाबाद.

आणि एक नियम त्या पोत्यातल्या मामांमुळं. स्कॅन साफ करणारं सॉफ्टवेअर समासातलं हातानं लिहिलेलं डाग समजून पुसतं. ते आम्ही बंद ठेवलंय. पान जरा मळकट दिसतं, काही जण तक्रार करतात, करू देत.

सध्या अडकलोय ते एका जुन्या मराठी भाष्यावर. सगळं तयार आहे, फक्त ११२ नंतर एकदम १२९. सोळा पानं म्हणजे बरोबर एक फॉर्मा (एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं), आठव्या नंबरचा, कोणी फाडलेला नाही, बाइंडिंगमध्येच राहून गेलाय. निपाणीत दुसरी प्रत मिळाली, मोटारसायकलवर जाऊन घेऊन आलो, जिन्यातच उघडली. ११२, १२९. म्हणजे त्या दिवशी बाइंडरनं आठव्या फॉर्म्याची थप्पी कुठंतरी बाजूला ठेवली आणि जेवायला गेला असणार, आमच्या वडिलांकडं पण असं व्हायचं. पण सगळ्याच प्रती तशा नसणार. तेव्हा आजोबांच्या ट्रंकेत मराठी भाष्य असेल, पहिलं पान नसलं तरी चालेल, तर आधी ११३ वं पान आहे का तेवढं बघा. असेल तर पोस्टानं पाठवू नका, मी येतो न्यायला.