गाय केस कधी टाकते, तेही वहीत लिहा

माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात फेब्रुवारी सरता सरता ऊन चटकायला लागतं. तेव्हा एकाच दावणीच्या, एकाच वैरणीवरच्या दोन संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई शेजारी शेजारी बघा. एकीची पाठ काळी तुकतुकीत, तर दुसरीच्या अंगावर अजून हिवाळ्याची जाड लव, टोकाला तांबूस पडलेली. उन्हात ही दुसरी आधी धापा टाकते. हा फरक खराऱ्याने भरून निघत नाही. बराचसा तो रक्तातच असतो.

केस गळण्याचा मुख्य इशारा उष्णतेचा नसून दिवसाच्या लांबीचा असतो. दिवस मोठा झाला की शरीरातलं मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) घटतं, प्रोलॅक्टिन हे दुसरं वाढतं आणि जुने केस सुटू लागतात. आपल्याकडे दिवस साधारण ११ ते १३ तासांच्या आतच फिरतो, म्हणजे इशाराच मंद. तो चटकन पकडणारी गाय म्हणूनच मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

प्रोलॅक्टिनचा इशारा पकडणाऱ्या, पेशीवरच्या रिसेप्टरच्या जनुकातला एक बदल सेनेपोल या कॅरिबियन जातीत सापडला. २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. त्याने केस जन्मभर आखूड राहतात आणि त्यासाठी आई किंवा बापाकडून आलेली त्या जनुकाची एकच प्रत पुरते. एक प्रत असलेला वळू साध्या गाईंना दिला, तर सरासरी निम्मी वासरं तशी निघतात. खिलारच्या आखूड लवीशी मात्र याची गल्लत करू नका. इतर गाईंत केस लवकर की उशिरा जाणार, हे अनेक जनुकं थोडं थोडं ठरवतात. अँगस जातीच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के दिसला आहे. गुणाची निवड करायला एवढा वाटा भरपूर झाला.

होळीच्या आठवड्यात एकाच माणसाने, एकाच दिवशी सगळ्या गाईंना गुण द्यावेत. काहीच गळलं नसेल तर ५, पाव अंग मोकळं ४, निम्मं ३, पाऊण २, पूर्ण मोकळं १. मान आणि पाठ आधी सुटते. पोटाखाली आणि मांडीच्या खालच्या भागात लव शेवटपर्यंत रेंगाळते. त्यामुळे नुसती मान बघून १ देऊ नका. मांडीवरचे केस चिमटीत धरून हलके ओढा; झुबका सहज हातात आला की गळती चालू आहे. गुण देण्याआधी खरारा नको, नाहीतर आकडा खोटा येतो.

पहिलारू आणि नुकतीच व्यालेली, हडकलेली गाय उशिराच केस टाकते. तिला लगेच नावं ठेवू नका. जंत आणि तांब्याची कमतरता यांनीही लव राठ राहते. कमतरतेत काळा रंग विटतो, डोळ्यांभोवती चष्म्यासारखं वर्तुळ दिसतं. गोल चट्टे पडून केस गेले असतील तर ते गजकर्ण, गळती नव्हे, डॉक्टरांना दाखवा. पोटभर वैरण, जंतनाशक, खनिज मिश्रण सगळं होऊनही सलग दोन-तीन वर्षं ४ किंवा ५ गुणच येत असतील, तर त्या गाईची कालवड पैदाशीला ठेवू नये.

वहीत गाईच्या बिल्ल्याशेजारी सिमेनच्या कांडीवरचा वळूचा नंबरही उतरवा. पुढे त्याच्या चार-पाच लेकींचे गुण शेजारी मांडले, की उशिरा केस टाकण्याचा गुण कोणाकडून येतोय ते दिसू लागतं.