माझी बीट

आज दुपारी डबा खाताना रेल्वे लाइनची देखभाल करणाऱ्या आमच्या गँगमधल्या नव्या पोराने विचारलं, दादा तुम्हाला या कामाचा कंटाळा नाही येत का? पोरगा बीकॉम आहे, दुसऱ्या परीक्षांची तयारी करून राह्यला, म्हणजे खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला, टोमणा नव्हता. तेव्हा मी नुसती भाजी पुढे केली, पण नंतर दिवसभर डोक्यात तेच.

मी किमॅन, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारा. नागपूर-वर्धा लाइनवर खापरी-गुमगावच्या बाजूला माझी बीट, म्हणजे माझ्या वाट्याचा पट्टा. सकाळी हातोडी, पाना, झेंड्या, धोका असला तर गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन निघायचं आणि रूळ पाहत चालायचं. एका किलोमीटरमध्ये रुळाखाली १६६० च्या आसपास आडवे स्लीपर, प्रत्येकावर रूळ धरून ठेवणाऱ्या चार क्लिपा, म्हणजे साडेसहा हजाराच्या वर क्लिपा झाल्या, त्याही एकाच लाइनच्या. लोक म्हणतात तुम्ही हजारो लोकांचे जीव सांभाळता. खोटं नाही ते, पण चालताना माझ्या डोक्यात प्रवासी नसतात, क्लिप असते. हातोडी टेकवली की घट्ट बसलेली क्लिप खणखणीत वाजते आणि ढिली असली की आवाज बसका येते, हे आता मला पाहावंही लागत नाही, कान सांगते. रुळाचा कोणता वेल्ड, म्हणजे जोड, कुठे आहे, पावसात काळ्या मातीमुळे कोणत्या जागी लाइन दबते, हे सगळं मला पाठ आहे, आणि हे मला माहीत आहे हे आमच्या मेटला, म्हणजे गँगच्या मुकादमाला, माहीत आहे. मला वाटते माझं समाधान तिथंच आहे.

मे महिन्यात तर विचारूच नका. आता रूळ लांबच लांब वेल्ड केलेले, मधात गॅप नाही, उन्हात लोखंडाला वाढायचं असते पण क्लिपा आणि गिट्टी त्याला धरून ठेवतात, गिट्टी कमी झाली की रूळ बाजूला फाकलाच समजा. नागपूरचं ऊन पंचेचाळीसच्या वर गेलं की लोक दारं लावून घेतात नं, तेव्हाच आमची गस्त वाढते. थंडीत उलटं, रूळ आखडतो नि वेल्ड तुटायची भीती.

आमचे आबा नागपूरच्या एम्प्रेस कापड मिलमध्ये होते, रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या मशीनवर. जमशेदजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली मिल, १९०१ मध्येच तिथं कामगारांना प्रॉव्हिडंट फंड मिळाला होता, पण आबा फंडाबद्दल फारसं बोलायचे नाहीत. बोलायचे ते चालत्या मशीनवर तुटलेला धागा कसा सांधायचा याबद्दल, आणि सांगताना बोटं आपोआप हालायची. मिल बंद पडली, तिथं मॉल झाला, तरी वस्तीत आबा शेवटपर्यंत एम्प्रेसवालेच राह्यले. पगार तर सगळ्यांनाच लागते बाप्पा, घर त्यावरच चालते, पण माणूस सांगते काय तर त्याच्या हाताला जे येते ते.

संध्याकाळी पोराला म्हटलं, अभ्यास सोडू नको, परीक्षा निघाली तर बिनधास्त जा. पण इथं आहेस तोवर उद्यापासून माझ्यासोबत चल, ढिली क्लिप कानाने ओळखायला शिकवतो. तो म्हणाला सहाला येतो. मी म्हटलं साडेपाचला ये, ऊन व्हायच्या आधी पहिला किलोमीटर झाला पाहिजे.