सन ९०७

भेडाघाटचे बारा दगड रवाना होऊन महिना झाला, पण त्यातला सातवा काही डोक्यातून जात नाही.

कामठी रोडला आमचं वर्कशॉप आहे. कोनशिला, देणगीदारांच्या पाट्या, समाधीचे दगड अशी कामं. ही ऑर्डर वेगळी होती. जबलपूरजवळ भेडाघाटला एका हॉटेलच्या आवारात पायवाटेच्या कडेनं लावायला बारा काळे ग्रॅनाइट. नर्मदेचे संगमरवरी कडे, चौसष्ट योगिनींचं मंदिर (कोनाडे खरं तर ८१ आहेत), कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर, गढा-मंडल्याची राणी दुर्गावती. मजकूर हिंदीत, ठेकेदाराकडून सही होऊन आलेला.

लोकांना वाटतं, मशीन कोरतं. मशीन फक्त रबराच्या शीटवर अक्षरं कापतं; ती शीट दगडावर चिकटवून आम्ही वाळूच्या झोतानं कोरतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षरावर चढलेली असते. तो जोड आधी स्क्रीनवर एकजीव केला नाही, तर कटर प्रत्येक जोडावर आडवा काप मारतो आणि दगडावर रेघ तुटकी उमटते. त्यानंतर ब, व, थ यांच्या पोटातली रबराची बेटं. वाळूचा झोत जरा तिरपा लागला की बेट उडालं आणि अक्षर आंधळं झालं. बारा दगडांत माझं एकही बेट उडालं नाही.

सातव्याच्या अक्षरांत ब्रशनं सोनेरी रंग भरत होतो. ब्रश हातात असला की आपण अक्षर बघतो, वाक्य वाचत नाही. नवाच्या पोटात रंग भरताना मात्र वाचलं : राणी अल्हणदेवीनं सन ९०७ मध्ये शिलालेख कोरवला. नववा दगड तिथंच सुकत होता. त्यावर तीच राणी बाराव्या शतकात.

ठेकेदाराला फोन केला. ‘भाऊ, पास झालेला मजकूर आहे. अन् वाचून कोण राहिलं? लोकं फोटो काढतात अन् जातात.’ इतक्या वर्षांत मी हेच बघत आलोय, पास करणारा सही करतो, मजकूर वाचत नाही.

संध्याकाळी लायब्ररीत गेलो. कलचुरींचे सगळे लेख आमच्या नागपूरच्याच वा. वि. मिराशींनी संपादित केले, १९५५ साली ते ग्रंथरूपानं छापले गेले. तिथं सापडलं. ९०७ हा आकडा बरोबरच आहे, पण तो कलचुरी संवत. त्यात २४८ मिळवले की इसवी सन ११५५ येतं. अल्हणदेवी कलचुरी राजा गयाकर्णाची राणी, नरसिंहाची आई. तिनं शंकराचं देऊळ बांधलं, मठ बांधला, व्याख्यानशाळा बांधली, आणि ते दगडावर लिहून ठेवलं. तो दगड आता भेडाघाटला नाही. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेत गेला. म्हणजे त्या वाटेवरून जाणाऱ्याला राणीच्या जागी आमचाच दगड दिसणार, आणि तो तिला अडीचशे वर्षं मागं ढकलणार.

ग्रॅनाइटमध्ये कोरलेलं भरून काढता येत नाही. रेझिन भरलं तरी तिरप्या उन्हात डाग दिसतो. आमचे काका चाळीस वर्षं छिन्नी चालवतात. त्यांनी दगडाच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर वीत ठेवली. म्हणाले, ‘इथं एक ओळ बसते.’

मी पेन्सिलीनं आखून दिलं : कलचुरी संवत ९०७ = ईस्वी सन ११५५. काकांनी रात्री साडेअकरापर्यंत हातानं कोरलं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा त्यांनी शेवटी घेतल्या, श्वास रोखून. वाळूच्या झोतानं कोरलेल्या अक्षराची धार गोलसर येते, छिन्नीची तीक्ष्ण. जाणकाराला ती ओळ वेगळी कळणारच.

परवानगी मी घेतली नाही. दगड गिऱ्हाइकाचा, मजकूर गिऱ्हाइकाचा. उद्या कोणी माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन माझ्या दगडावर न विचारता ओळ वाढवली, तर मी त्याला हाकलून देईन. हे मी काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, ‘तू चूक तर नाही कोरली ना?’ आणि छिन्नी पुसायला लागले.

परवा ठेकेदाराचा फोन आला. पोटात गोळाच आला. तो शेवटच्या हप्त्याबद्दल बोलत होता. मी बिलाचं बोललो, ओळीचं अजून बोललो नाही.