एका घरात दोन फायबर

घरात इंटरनेटचे फायबर, म्हणजे काचेची तार, जोडायला आलेला तंत्रज्ञ सर्वांत आधी वेगाविषयी किंवा प्लॅनविषयी विचारत नाही. ‘राउटर कुठे ठेवायचा?’ एवढेच विचारतो आणि घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. खरे तर ती जागा घराच्या मध्यावर, थोडी उंच आणि मोकळी हवी, कारण वायफायच्या ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीपुढे लवकर क्षीण होतात. प्रत्यक्षात केबल जिथून आत येते आणि प्लग जिथे हाताशी असतो, तिथेच, बहुधा टीव्हीच्या मागे, राउटरची प्रतिष्ठापना होते. मग कोपऱ्यातल्या खोलीत बसणारा माणूस पुढची काही वर्षे कंपनीच्या नावाने बोटे मोडत राहतो.

जागा ठरल्यावर जे काम चालते, ते मला नेहमी बघत बसावेसे वाटते. आधी ड्रिल मशीनने भिंतीला भोक पाडण्याचा दणदणाट होतो आणि लगेच त्याच हातांनी काचेचा तंतू सोलण्याचे नाजूक काम सुरू होते. हा तंतू १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे जेमतेम केसाएवढा असतो आणि ज्यातून प्रकाश धावतो तो त्याचा गाभा तर साधारण ९ मायक्रॉनचाच. तो पुसून, सरळ छाटून स्प्लायसिंगच्या, म्हणजे तंतू जोडण्याच्या, यंत्रात ठेवला की विजेची ठिणगी दोन टोके वितळवून एकजीव करते. काचेतून प्रकाश फार दूर जात नाही, हा दोष काचेचा नसून तिच्यातल्या अशुद्धीचा आहे, असे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी १९६६ साली मांडले. काओंना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली. इतक्या वर्षांच्या खटाटोपातून सिद्ध झालेली ती शुद्ध काच आपण सोफ्याच्या पायाखाली चेंगरतो, ही गोष्ट वेगळी.

कंपनी बदलायची ठरवली की पहिला प्रश्न मनात येतो तो असा की, आहे तीच तार नव्या कंपनीला का चालू नये? काचेची हरकत काहीच नसते. बहुतेक ठिकाणी एकाच तंतूतून घराकडे येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा आणि घरातून जाणारा १३१० नॅनोमीटरचा असतो, आणि वाटेतला विजेविना चालणारा स्प्लिटर तो ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो. ही व्यवस्था दोन्ही कंपन्यांकडे बव्हंशी सारखीच असते. अडते ते मालकीपाशी. तार जुन्या कंपनीची असते आणि तारेतला प्रकाश राउटरला समजेल असा करून देणाऱ्या घरातल्या डब्याचा अनुक्रमांक तिच्याच दप्तरी नोंदलेला असतो. जिथे जाळे एकाचे आणि त्यावर सेवा विकणारे अनेक, तिथे बदल कागदोपत्री उरकतो. एरवी दुसरे भोक पडते.

माझे मत असे की, जुनी जोडणी बंद करण्याची घाई करू नये आणि परवडत असेल तर काही दिवस दोन्ही चालू ठेवाव्यात. या दिवसांत घरात उघड दोन पक्ष पडतात, पण संध्याकाळी सगळे एकदम ऑनलाइन येतात तेव्हा कुठली कंपनी दम टाकते, हेही याच काळात कळते. मोजमाप मात्र राउटरला लॅपटॉप केबलने जोडूनच करावे, नाहीतर आपण कंपनीची नव्हे, भिंतीची परीक्षा घेतो. शिवाय १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट, हा आठाचा भागाकार विसरला की नवी कंपनीही पहिल्याच दिवशी लबाड ठरते.

नव्या राउटरला जुनेच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्यावा, म्हणजे प्रिंटरपासून टीव्हीपर्यंत बहुतेक उपकरणांना सत्तांतराचा पत्ताही लागत नाही. अर्थात, हे जुना राउटर बंद केल्यावरच.

खरी कसोटी निरोपाची. जोडणी देताना तत्पर असलेली कंपनी तोडताना फोनवर सापडत नाही आणि सापडली की तिला एकाएकी प्रेमाचा उमाळा येऊन इतके दिवस लपवून ठेवलेली सवलत बाहेर निघते. मला ती सवलत अपमानास्पद वाटते, पण ती घेऊन थांबणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२४ पासून ग्राहकाने नव्या कंपनीला कळवले की जुनीशी फारकतीचे सोपस्कार तीच पार पाडते. ही सोय सगळीकडे यायला हवी. ती येईपर्यंत बंद करण्याची विनंती लेखी द्यावी, जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता असल्यास बँकेसारख्या ठिकाणी तो आधीच बदलून घ्यावा आणि डबा अडॅप्टरसह परत करून पावती घ्यावी. तो परत न मिळाल्याचे बिल आलेच, तर त्या पावतीपुढे कस्टमर केअरचा आवाज लगेच मऊ होतो.