मालवणच्या पाण्यात प्रवाळ ओळखताना

आम्ही डिसेंबरात, अष्टमीचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस, धरून मालवणात उतरलो. खडपावरची, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावरची, डबकी बघायची तर अमावास्या-पौर्णिमेची सुकती (ओहोटी) हवी, पण पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहायचे तर भांगच बरा. ओढ कमी, गाळ बसलेला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं हे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

तटाखालच्या खडकांवरचे गोलसर ढीग म्हणजे बहुतेक प्रवाळच. रंगावर जाऊ नका, तो बराचसा आत राहणाऱ्या शैवालाचा असतो. प्रवाळातले छोटे जीव ज्या दगडी वाट्यांत राहतात, त्या वाट्यांची भिंत पाहा. चाळीतल्या खोल्यांसारखी दोन वाट्यांत एकच सामाईक भिंत असेल, तर फेवायटिस किंवा गोनिअ‍ॅस्ट्रिया हे प्रवाळ. प्रत्येक वाटीला स्वतःची भिंत आणि मधे बोळ असेल, तर डिप्सास्ट्रिया. जुन्या याद्यांत याला फेविया म्हटलंय; २०१२ मधल्या वर्गीकरणाच्या फेरमांडणीनंतर ते नाव अटलांटिकपुरतं उरलं. वाट्या जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या आणि दुरून सगळं गुळगुळीत, तर पोरायटिस.

पावसात कर्ली नदी भरपूर गाळ आणते. पोरायटिस अंगावर बुळबुळीत पापुद्रा धरतो आणि गाळासकट तो सोडून देतो, म्हणून अशा पाण्यात तग धरतो. टर्बिनेरिया या प्रवाळाची तऱ्हा वेगळी: भरपूर उजेडात त्याच्या पाळ्या मुरडून उभ्या राहतात, अंधुक पाण्यात तीच जात आडवी पसरते. नुसत्या आकारावरून नाव देणारे इथेच हमखास चुकतात.

यजमान प्रवाळ ओळखला की त्यावर जगणारे पाहुणे कुठे शोधायचे ते कळतं. फेस्टिला या समुद्री गोगलगायीच्या काही जाती फक्त पोरायटिस खातात, आणि त्यातल्या एकीची अळी तर पोरायटिसमधून झिरपणारं रसायन लागल्याशिवाय तळाला बसतच नाही! इतकी काटेकोर निवड आम्हाला अजूनही थक्क करते.

सुकतीला खडपावर दिसणारी मऊ, हिरवट-तपकिरी चादर मात्र झोअँथिड या प्रवाळांच्या मऊ नातेवाइकांची. तिला दगडी सांगाडा नसतो. हात लावू नका, त्यांतल्या पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं.

फोटो तीन घ्या: पूर्ण वसाहत, भोवतालचा खडक, आणि वाट्यांचा जवळून. शेवटच्यात प्लास्टिकची पट्टी शेजारी धरा, टेकवू नका. पाण्यात मास्कमधून वस्तू सुमारे एक-तृतीयांश मोठी दिसते, त्यामुळे डोळ्यांच्या अंदाजाने लिहिलेली मापं चुकतात. होडीवाल्या दादांना नांगर वाळूतच टाकायला आधी सांगून ठेवा. आणि तुटलेला तुकडाही उचलू नका, कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत.