एफएससीके चालवण्याआधी रॅम तपासा

लिनक्स मशीनची डिस्क अचानक रीड-ओन्ली झाली, कर्नल लॉगमध्ये 'चेकसम इनव्हॅलिड' किंवा 'करप्ट लीफ' दिसलं, की बहुतेकांचा हात आधी एफएससीके या फाइलसिस्टीम दुरुस्त करणाऱ्या टूलकडे जातो. तिथेच थांबा. एफएससीके डिस्कवरचे ब्लॉक रॅममध्येच वाचतो, चूक काय ते तिथल्या आकड्यांवरून ठरवतो आणि 'दुरुस्त' केलेला ब्लॉक तिथूनच परत लिहितो. रॅम खराब असेल तर धडधाकट इनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) त्याला मोडका दिसतो आणि तो पुसला जातो. मूळ बिघाड दोन-चार फाइलींचा असतो. दुरुस्तीनंतर लॉस्ट-अँड-फाउंड या फोल्डरमध्ये हजारो निनावी फाइली पडलेल्या असतात.

एक बिट उलटल्याने एवढं नुकसान कसं होतं? मोकळी रॅम लिनक्स पेज कॅशसाठी, म्हणजे डिस्कवरचा डेटा हाताशी ठेवायला वापरतो आणि एक पान सहसा ४०९६ बाइटचं असतं. पानातला एकच बाइट बदलला तरी अख्खं पान डिस्कवर परत जातं. एक्सटी४ या फाइलसिस्टीममध्ये इनोड साधारणपणे २५६ बाइटचा, म्हणजे ४०९६ बाइटच्या एका ब्लॉकमध्ये १६ इनोड. त्यातल्या एका फाइलची फक्त वेळ बदलली तरी उरलेले १५ इनोडही परत लिहिले जातात. त्यातला एखादा रॅममध्ये बिघडलेला असेल, तर जिला कुणी हातही लावला नव्हता अशी फाइल जाते. चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, इथे अर्धाच आधार देतो. बिट चेकसम काढल्यानंतर उलटला तर चूक पकडली जाते. आधीच उलटला असेल तर चुकीच्या डेटावरच 'बरोबर'चा शिक्का बसतो. झेडएफएस, बीटीआरएफएस या चेकसम ठेवणाऱ्या फाइलसिस्टीमनाही हे लागू आहे. आरशासारख्या दोन डिस्क असतील तर दोन्हींवर तीच चूक जाते.

म्हणून पहिलं काम म्हणजे लिहिणं थांबवणं. शक्य असेल तर डिस्क काढून खात्रीच्या दुसऱ्या मशीनला जोडा आणि डीडीरेस्क्यूने तिची पूर्ण प्रत घ्या. माउंट करताना नुसतं 'आरओ' पुरत नाही: एक्सटी४ तेव्हाही जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) परत खेळवतो, म्हणजे डिस्कवर लिहितो. सोबत 'नोलोड' द्या, एक्सएफएसला 'नोरिकव्हरी'.

आता दोष डिस्कचा की रॅमचा? स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदींत, ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे वाढत असतील तर संशय डिस्कवर. १९९ वाढत असेल तर आधी केबल बदला. पण सगळ्यात बोलका पुरावा असतो नुकसानीच्या आकारात. डिस्क बिघडते तेव्हा अख्खा सेक्टर, ५१२ किंवा ४०९६ बाइट, एकदम जातो: शून्यं येतात, भलत्याच फाइलचा मजकूर येतो किंवा वाचतानाच एरर येते. रॅम बहुधा एकेक बिट उलटवते. ब्लॉक क्रमांक ८४२१ हवा होता आणि १०५६९९७ आला, तर वजाबाकी करा: १०४८५७६, म्हणजे २चा २०वा घात. डिस्क सहसा असं करत नाही. फाइलींच्या नावांतही हे दिसतं. 'ए'चं लहान लिपीतलं अक्षर मोठ्या लिपीतलं झालं, तर फरक नेमका एका बिटचा असतो.

बॅकअपमधली चांगली प्रत आणि बिघडलेली प्रत 'सीएमपी -एल'ने ताडून पाहा. पहिल्या रकान्यात बाइटचं स्थान येतं (१पासून मोजलेलं), पुढच्या दोन्हींत त्या बाइटच्या ऑक्टल (आठच्या पायावरच्या) किमती. १४१ आणि १०१ दिसले, तर एकच बिट बदललाय. मग स्थानातून १ वजा करून ४०९६ने भागा आणि बाकी पाहा. एका फाइलमध्ये स्थान ३१६७८०, दुसरीत ५२४४२६८. दोन्हींची बाकी १३८७. वेगवेगळ्या फाइलींत बाकी तीच आणि बिटही तोच, तर रॅममधली एकच पेशी मेलेली आहे. फाइल कुठल्याही भौतिक पानात गेली तरी पानाच्या आतली जागा बदलत नाही, म्हणून हे जमतं. ४०९६ची बाकी वेगळी पण ८ने भागल्यावरची बाकी आणि बिट सारखा असेल, तर एखादी डेटा लाइन, चिप किंवा स्लॉटचा संपर्क बघा. ही पाच मिनिटांची आकडेमोड मला कुठल्याही टूलपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

बीटीआरएफएस ५.२ कर्नलपासून लिहिण्याआधीच मेटाडेटा (फाइलींबद्दलच्या नोंदी) तपासतो. 'राइट टाइम ट्री ब्लॉक करप्शन डिटेक्टेड' हा संदेश आला तर आधी रॅमच धरा, कारण तो ब्लॉक अजून डिस्कपर्यंत पोचलेलाच नसतो. 'पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड' मात्र बहुधा डिस्कने लिहिल्याचं सांगून प्रत्यक्षात न लिहिल्याची खूण.

त्यानंतर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६+ लावा. आधी बायॉसमधली सेटिंग्ज आहेत तशीच ठेवून. एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असेल तर चालूच. किमान चार फेऱ्या, जमल्यास रात्रभर. एकही चूक चालत नाही. 'एकच तर आली' असं म्हणून सोडून देऊ नका. चुका आल्या तर एक्सएमपी बंद करून पुन्हा चालवा. त्या थांबल्या, तर तो वेग रॅमच्या त्या कांडीला किंवा सीपीयूमधल्या मेमरी कंट्रोलरला झेपत नाही. तरीही येत असतील तर एकेक कांडी त्याच स्लॉटमध्ये तपासा, मग तीच कांडी दुसऱ्या स्लॉटमध्ये. चूक कांडीबरोबर फिरली तर कांडी खराब. स्लॉटलाच चिकटून राहिली तर संपर्क, मदरबोर्ड किंवा सीपीयू. मेमटेस्टने दाखवलेला बिट तुमच्या सीएमपीच्या बिटशी जुळला की शंका उरत नाही.

मेमटेस्ट निर्दोष आली म्हणून रॅम निर्दोष ठरत नाही. काही चुका मशीन तापल्यावर किंवा भाराखालीच येतात. अशा वेळी स्ट्रेसॲपटेस्ट काही तास चालवा. डीडीआर५ रॅमच्या चिपमधल्या ईसीसीवरही (चुका सुधारणाऱ्या सोयीवरही) विसंबू नका. चिप आणि सीपीयू यांच्यामधला प्रवास ती सांभाळत नाही.

कांडी बदलून चाचणी स्वच्छ आली की मगच दुरुस्ती. ई२एफएससीके (एक्सटी४चा एफएससीके) आधी '-एन' देऊन, म्हणजे काहीही न लिहिता चालवा आणि यादी वाचा. मग प्रतीवर दुरुस्ती करून निकाल पाहा. बीटीआरएफएसचा 'चेक --रिपेअर' शेवटचा उपाय म्हणूनच ठेवा. त्याआधी 'रिस्टोअर'ने फाइली बाहेर काढा.

फाइलसिस्टीम उभी राहिली तरी फाइलींच्या आतले उलटलेले बिट तसेच असतात. फाइली कॉपी करणारा आरसिंक बॅकअपशी ताडून चालवा, '--चेकसम' आणि '--ड्राय-रन' दोन्ही देऊन. ज्या फाइलींचा आकार आणि वेळ जुळते पण चेकसम वेगळा येतो, त्याच संशयित. एरवी आरसिंक आकार आणि वेळच बघतो, म्हणून बॅकअपमधली चांगली प्रत बहुधा अजून शाबूत असते. ड्राय-रन विसरून चेकसमसह खराखुरा बॅकअप घेतलात, तर तीही बिघडलेल्या प्रतीखाली जाईल.